भोरच्या वाचनालयातली नावाची कपाटं

नसरापूर फाट्यावर मोटार उभी होती आणि आबांनी माझी वळकटी स्वतः टपावर चढवली. मला हात लावू दिला नाही. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाच्या गॅसची भट्टी बसवलेली असे. ती नीट पेटेपर्यंत उतारूंनी खाली उभं राहायचं. आमचा निरोप त्या धुरात झाला. कामथडीची आक्का, माझी थोरली बहीण, भाकरी बांधून घेऊन आली होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी धुराचं की कसलं हे तिनं कळू दिलं नाही.

आबा माझ्याकडे न बघता त्या भट्टीकडे बघत म्हणाले, "इष्णू, लोकं पोरवयात शिकाय जात्यात. तू दोन पोरांचा बाप झाल्यावर चाललायस."

"आबा, एका वर्षाचं काम आहे. खुर्ची माझ्यासाठी ठेवलीय त्यांनी."

"ठेवली आसंल. खुर्ची काय, कुटं जाती ती? मानूस जातो." मग म्हणाले, "जा. पर परत यायचं म्हनूनच जा."

मार्गासनीत राहिलेल्या भावकीतल्या मंडळींनो, आणि माझ्यासारखे मुंबईला, पुण्याला पोटामागे गेलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. विष्णू शिकला आणि गावाला विसरला, असं गावात बोललं जातं. आक्कानंच मला ते सांगितलं. म्हणून काय झालं ते सरळ लिहून ठेवतो. यात मी कुणाचं आडनाव घालणार नाही, वाचनालयाचंही नाव नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

मी पुण्याला राहून बी. ए. झालो आणि भोरला एका जुन्या वाचनालयात कारकून म्हणून लागलो. आठवडाभर भोरात राहायचो आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मार्गासनीची वाट धरायचो. वाचनालय म्हणजे एक लांब दिवाणखाना आणि त्यात भिंतीला लावलेली सतरा कपाटं. प्रत्येक कपाटावर पितळेची पाटी आणि पाटीवर कुणा तरी गेलेल्या माणसाचं नाव. घरातला कर्ता माणूस गेला की त्याची पुस्तकं आणि एक सागवानी कपाट वाचनालयाला द्यायचं, ही भोरातल्या बऱ्या घरांची रीत होती. दिलेली पुस्तकं त्याच कपाटात राहायची. वकिलाच्या कपाटात कायद्याच्या शेजारी पाकशास्त्र असायचं, कारण वकिलाच्या घरात दोन्ही होतं. वैद्यांच्या कपाटात नाटकं होती. एकाच पुस्तकाच्या चार प्रती चार कपाटांत असत, आणि एका घरचं फाटलं म्हणून दुसऱ्या घरचं दिलेलं वाचकाला चालत नसे.

लोक पुस्तक मागायचे तेही तसंच. "वैद्यांकडचं ते लाल पुस्तक द्या हो, खालच्या फळीवरचं." किंवा, "मामलेदारांकडे काही नवीन आलंय का?" मामलेदार वारून किती तरी वर्षं झाली होती, त्यांच्याकडे नवीन काय येणार? पण बोलायची पद्धत तशीच होती. ज्याला शेतीवर वाचायचं असेल त्यानं गावातल्या सगळ्या मेलेल्या माणसांच्या आवडीनिवडी माहीत करून घ्यायच्या. आमच्या वेल्ह्याकडचा एखादा शेतकरी बाजाराच्या दिवशी बिचकत आत यायचा, त्या पाट्यांकडे बघायचा आणि वर्तमानपत्र चाळून परत जायचा. त्याला त्यांतलं कुणी माहीत नसायचं. ही गोष्ट मला फार लागायची. मी स्वतः शाळेत असताना त्याच दारातून तसाच परत गेलो होतो.

म्हणून मुंबईला विद्यापीठानं ग्रंथालयशास्त्राचा वर्ग काढल्याचं छापून आलं, तेव्हा मी कार्यकारी मंडळाकडे अर्ज केला. चिटणीस तात्या म्हणाले, "अवश्य जा. शिकून या. ग्रंथपालाची खुर्ची तुमचीच, विष्णूराव." मंडळानं तसा ठराव केला. बायकोला आणि मुलांना आबांजवळ ठेवून मी निघालो.

मुंबईतल्या त्या वर्षाबद्दल काय सांगू? गिरगावात एका खोलीत आम्ही पाचजण होतो, आणि रात्री निजायला जागा वाटून घेतलेली होती. रेशनचा तांदूळ शिजला की मला मार्गासनीच्या खाचरांतला वास आठवायचा. विमानहल्ल्याच्या भीतीनं खिडक्यांना काळे कागद डकवलेले. वर्गात मी वयानं सगळ्यांत मोठा. पहिल्या दिवशी एका पोरसवद्या सोबत्यानं मला मास्तर समजून नमस्कार केला.

पण अभ्यास मला मनापासून आवडला. माझा स्वभाव हिशेबी आहे. प्रत्येक वस्तूला तिचा आकडा असावा असं मला लहानपणापासून वाटतं. इथं तर एका परदेशी पद्धतीनं सगळ्या जगाच्या ज्ञानाला आकडे लावलेले होते. शेती म्हणजे ६३०. भात ६३३.१८. मेंढ्या ६३६.३. प्रत्येक पुस्तकाचं यादीसाठी एक कार्ड, त्यावर लेखकाचं नाव कितव्या जागेपासून सुरू करायचं, पुस्तकाचं नाव कितव्या, हे ठरलेलं. अक्षर कसं काढायचं तेही ठरलेलं. मी रात्र रात्र कार्डं लिहून हात वळवला. बोचलं एकच. त्या परदेशी पद्धतीत त्यांच्या धर्माला पानंच्या पानं दिलेली, आणि आपला सगळा धर्म एका आकड्याच्या कोपऱ्यात. मराठी वाङ्मय कुठं, तर ८९१.४६. दशांश चिन्हाच्या पलीकडे, आठशे नव्वदांच्या गर्दीत. मी मास्तरांना विचारलं, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "जागा लहान असली तरी आपली आहे ना? आधी ती नीट मांडा. मग वाढवून मागा."

हेच मास्तर वरचेवर सांगत, की पुस्तक त्याच्या विषयाच्या भावंडांजवळ ठेवायचं. ते कुणी दिलं, त्याची बांधणी कसली, रंग कुठला, याला शास्त्रात जागा नाही. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर ती सतरा कपाटं उभी राहत. वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं एका ग्रंथालयाची फेरमांडणी कागदावर करून दाखवायची होती. मी भोरची केली. मास्तरांनी ती वर्गात वाचून दाखवली.

परत आलो तेव्हा मंडळानं हार घातला. मी योजना वाचली: सगळी पुस्तकं कपाटांतून काढायची, विषयवार लावायची, प्रत्येकाच्या पाठीवर आकडा चिकटवायचा, ज्या घरानं पुस्तक दिलं त्याचं नाव आतल्या पानावर आहेच, शिवाय देणगीदारांची वेगळी कार्डं करायची. सगळ्यांनी मान डोलावली. तात्यांनी सही केली, बाकीच्यांनीही केली. मी योजनेतलं काही लपवलं नव्हतं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं नसेल, तर तो माझा दोष नाही.

वाचनालय थोडे दिवस बंद ठेवून मी आणि शिपाई कोंडिबा कामाला लागलो. कोंडिबा पासलीच्या वरच्या अंगाचा, धनगर. पुस्तकांची चळत छातीशी धरून यायचा आणि बडबड करायचा. "सायेब, आमच्या मेंढरांचा बी हाय म्हनं नंबर?"

"आहे. ६३६.३."

"बरं झालं सांगितलंसा. आता एखादं वाट चुकलं म्हंजी त्या आकड्यानंच हाक मारतो."

मी हसलो. तेवढे दिवस मी सुखात होतो. घरी आलो की आबा विचारायचे, "मांडली का समदी?" आणि मी सांगायचो, निम्मी झाली, अजून थोडी. आम्ही भोरात दोन खोल्या बघितल्या होत्या. मुलांना भोरच्या शाळेत घालायचं, सुट्टीला मार्गासनीला यायचं, असं बायकोनं ठरवून टाकलं होतं. यापुढे गाव सोडावं लागणार नाही, एवढंच आम्हा सगळ्यांना हवं होतं.

वाचनालय उघडलं आणि पहिल्या दिवशी लोकांनी थट्टा केली. "काय हो ग्रंथपाल, आमचे आजोबा कितव्या नंबरला निजवले?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "अरे, वैद्यबुवा नाटकं वाचायचे हे आता कळायचंच नाही कुणाला. सुटले बिचारे!" मी थट्टा मनावर घेतली नाही. नवी रीत अंगवळणी पडायला वेळ लागतो, हे वर्गातही सांगितलं होतं. बाजाराच्या दिवशी मार्गासनीकडचे दोघे आत आले आणि शेतीच्या कपाटापुढे उभे राहिले. मी त्यांना भाताची पुस्तकं एका जागी दाखवली. त्यांनी उभ्यानं बराच वेळ पानं उलटली. तो दिवस मला अजून आठवतो.

मग माई आल्या.

माई म्हणजे भोरातल्या एका जुन्या घरातल्या विधवा बाई. त्यांचा एकुलता एक मुलगा वसंत कॉलेजात असताना विषमज्वरानं गेला. त्याची पुस्तकं त्यांनी वाचनालयाला दिली होती. दर वर्षी त्याच्या तिथीला त्या हार घेऊन यायच्या, कपाटाच्या पाटीला घालायच्या, दार उघडून पुस्तकांवरून हात फिरवायच्या आणि वाचकांना पेढे वाटायच्या. मी कारकून असताना दर वर्षी त्यांच्यासाठी ते कपाट पुसून ठेवायचो.

त्या दिवशीही मी पुसून ठेवलं होतं. पाटीही घासली होती. पण आत आता भात, ऊस, जनावरांचे रोग अशी पुस्तकं होती. वसंताची पुस्तकं दिवाणखानाभर विषयवार गेली होती. मी सकाळीच देणगीदारांची कार्डं काढून त्याची सगळी पुस्तकं गोळा केली आणि मधल्या टेबलावर नीट रचून ठेवली. एकही कमी नव्हतं. आधीच्या मांडणीत हे कुणाला करता आलं नसतं, कारण दोन पुस्तकं तेव्हा भलत्याच कपाटात गेली होती आणि ती मला सापडली होती. माईंना बरं वाटेल, असं मला खरोखर वाटलं.

त्यांनी कपाट उघडलं. आत बघितलं. दार हळू लोटलं.

"विष्णू, वसंत कुठं आहे?"

"हा काय माई, टेबलावर. सगळी आहेत. मोजून घ्या."

त्या टेबलाजवळ आल्या. वरच्या पुस्तकाच्या पाठीवरच्या आकड्याला त्यांनी बोट लावलं. रागावल्या नाहीत. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पाहुण्यासारखं बसवलंस रे त्याला. मी गेले की परत जाईल ना तो, ज्याच्या त्याच्याकडे?"

उत्तर होय असं होतं. त्या हार हातात घेऊन तशाच गेल्या. पेढ्यांचा पुडा टेबलावर राहिला. त्याला कुणी हात लावला नाही.

दोन दिवसांत सगळं भोर पेटलं. ज्या घरांतून वर्षानुवर्षं कुणी वाचनालयाची पायरी चढलं नव्हतं, त्या घरांतले लोक आपल्या आजोबांची पाटी बघायला आले. एकजण माझ्या पाठीमागे, मला ऐकू जाईल असं बोलला, "कुणब्याच्या पोरानं आमच्या वाडवडिलांना बिऱ्हाडं बदलायला लावली." मंडळाची बैठक झाली. मी त्यांच्या सह्यांचा कागद पुढे केला. तात्यांनी तो बघितलाही नाही.

"विष्णूराव, आम्ही सही केली ती नंबर टाकायला. माणसं हलवायला नाही."

"योजनेत स्पष्ट लिहिलंय, तात्या. मी ती वाचून दाखवली होती."

"लिहिलं असेल. लिहिलेलं सगळं करायचं नसतं, हे मुंबईला शिकवलं नाही वाटतं?"

मी मधला मार्ग सुचवला. सगळ्या देणगीदारांची नावं एका मोठ्या संगमरवरी पाटीवर कोरून दरवाजाजवळ लावू. तात्या म्हणाले, "दाराशी चपला ठेवतात. पूर्वज नाही ठेवत." सगळे हसले. मग त्यांनी शेवटचं सांगितलं. पुस्तकं होती तशी लावायची. लावली तर खुर्ची माझीच, कुणाचा राग नाही.

त्या सुट्टीला मार्गासनीला आलो आणि आबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मंग लाव की व्हती तशी. तुजं काय जातंय? आपल्या वावरांस्नी सरकारनं नंबर दिल्यात. आपुन म्हनतो का नंबर? आपुन फुईचं वावर म्हनतो, सटवाईचा तुकडा म्हनतो. पिकायचं ऱ्हातंय व्हय त्यानं?"

"वावर जागचं हलत नाही, आबा. पुस्तक रोज बाहेर जातं. आणि फुई म्हणजे तुमची आत्या हे ज्याला माहीत नाही, त्यानं काय करायचं?"

"त्यानं इचारायचं."

"तो विचारत नाही, आबा. तो परत जातो."

 बायको चुलीपुढून म्हणाली, "आवो, शिकून आलात ते हितं ऱ्हायाला, का आमाला बी घिऊन जायाला? येकदा काय ते सांगा. म्हंजी पोरांच्या शाळेचं बगाय बरं."

मी पुस्तकं परत लावली नाहीत. तसं लावायला शिकलेला माणूस कशाला हवा होता? त्यासाठी मी बायकोमुलांना वर्षभर सोडून राहिलो नव्हतो. माझी मांडणी बरोबर होती, हे मी आजही म्हणतो. माईंचं चुकलं असं मात्र मला कधी म्हणता आलं नाही. राग आहे तो सही करणाऱ्यांवर. माईंचं दुःख ते पुढे करत होते, पण बोलत होते आपापल्या पाटीबद्दल. मी राजीनामा दिला. मास्तरांना लिहिलं. त्यांनी मुंबईत एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी सोय लावली, आणि या वेळी फाट्यावर आम्ही चौघं मोटारीत चढलो. आबा आले नाहीत. भाताची लावणी चालू होती हे खरं, पण तेवढ्यासाठी ते राहिले नाहीत, हे मला कळत होतं.

आता मी परळला राहतो. ग्रंथालयात माझ्या हाताखाली तिघं आहेत. लाख लाख पुस्तकांच्या ग्रंथालयांची कामं मी जवळून बघतो. माझी मुलं "व्हय" म्हणत नाहीत, "हो" म्हणतात. बायको गावच्या भाषेत बोलली की धाकटा हसतो आणि तिचा मार खातो. आमच्या चाळीत कोकणातली, घाटावरची, खानदेशातली बिऱ्हाडं आहेत. कुणाचा बाप कोण, हे कुणी विचारत नाही. पहिली काही वर्षं मला ते फार बरं वाटलं. हल्ली तेच खुपतं. इथं सगळे आपापल्या विषयात नीट लावलेले आहेत: गिरणीवाले गिरणीत, कारकून कारकुनांत. कोण कुणाकडून आला, हे पाठीवर लिहिलेलं नसतं.

भोर संस्थान विलीन झालं त्यानंतरच्या हिवाळ्यात आबा गेले. मला तार पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुढे जमिनीवर वारसाची नोंद करायच्या कामाला मी वेल्ह्याला गेलो. काम झालं. भोरला जायचं मला काही कारण नव्हतं. तरी गेलो.

वाचनालयात दुपारची सामसूम होती. टेबलाशी एक नवा तरुण ग्रंथपाल बसला होता. मला ओळखत नव्हता. कपाटं पूर्वीसारखी लागली होती. पुस्तकांच्या पाठींवर माझे आकडे मात्र तसेच होते. खरवडायचा कंटाळा केला असावा. ६३० च्या शेजारी ८९१, त्याच्या शेजारी औषधांचं ६१५. मी लिहिलेला प्रत्येक आकडा बरोबर होता आणि एकाचाही दुसऱ्याशी संबंध नव्हता.

"काय हवंय पाहुणे?" त्यानं विचारलं.

मला आकाशातल्या ताऱ्यांवरचं एक जुनं मराठी पुस्तक हवं होतं. कारकून असताना मी ते वाचलं होतं, आणि मुंबईत शोधून मिळालं नव्हतं. मी सवयीनं म्हणालो, "५२३ मध्ये बघा."

"नंबर नका सांगू. तसं काही लावलेलं नाही इथं. कुणाकडचं आहे?"

मी पाट्यांकडे बघितलं. म्हणालो, "माईंच्या वसंताकडचं. मधल्या फळीवर, उजवीकडे."

तो उठला आणि क्षणात पुस्तक घेऊन आला. "तुम्हांला बरी माहिती हो! माई परवाच येऊन गेल्या. जरा आधी आला असतात, तर पेढा मिळाला असता." मग त्यानं वही ओढली. "सभासद आहात?"

"नाही."

"भोरात कुणाकडे उतरलात?"

"कुणाकडे नाही. मुंबईला असतो."

"मग घरी नेता येणार नाही, पाहुणे. इथंच बसून वाचा. परगावच्यांना तसा नियम आहे."

नियम बरोबर होता. त्या खुर्चीवर मी असतो, तर मीही तेच सांगितलं असतं. खिडकीजवळच्या बाकावर बसून मी पुस्तक उघडलं. समासात वसंतानं पेन्सिलीनं बारीक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, कुठला तारा आपल्या गच्चीवरून दिसतो आणि कुठला डोंगराआड जातो. उजेड होता तोवर वाचलं. मग पुस्तक टेबलावर ठेवलं, आणि ग्रंथपालानं ते उचलून वसंताच्या कपाटात, त्याच्या जागी लावलं. लावताना त्याला आकडा बघावा लागला नाही.